अलाऊ दाबणारा हात

"पोट्टी आजपासून शाळेले आत बसंन म्हणते कांचन. रांधणीत. मोबाईलवर."

"काऊन? इथंसा काय झालं? कंपूटरच्या मोठ्या पडद्यावर चांगलं दिसते नं तिले."

"दिसते! लयच चांगलं दिसते. तेच तं झालं." सुमित्राबाईनं नवऱ्याकडे बघत हातातलं सूप खाली ठेवलं. "आता माह्या तोंडून वदवून घेता काय, अवो? बाईमानसाचं चित्र आलं म्हणते कोपऱ्यात. अंगावर धड कपडा नाई. पोट्टी आपल्या मायले इचारून रायली होती, ह्या बाईले थंडी नाई वाजत काय म्हणून."

नीळकंठ गावंडेच्या हातातली तांब्याची तार हातातच राहिली. "ते म्या नाई लावलं. आपसूक येते ते."

"मले माईत हाय. तिले कोन सांगंन? तुमी तं कोनी आलं का त्या डब्ब्यावर दुपट्टा टाकता. चोरावानी."

 दुपट्टा तो टाकतच होता. ती चित्रं त्यालाही दिसली होती. कधी लाल त्रिकोण येऊन संगणक बिघडला म्हणून बोंब मारी, कधी लॉटरी लागल्याची वर्दी येई, आणि कधी ती बाई. तो एकेक खिडकी मिटायचा. मिटली की दुसरी यायची. दारात पावलं वाजली की घाबरून खांद्यावरचा दुपट्टा पडद्यावर फेकायचा. लाजेनं झाकायला गेला आणि झाकलं म्हणूनच गुन्हेगार ठरला.

करोनाच्या त्या वर्षी शाळा घराघरात, पडद्यावर भरत होत्या. भोपाळला, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत, एका टेबलावर नीळकंठचा संगणक आणि खाली त्याचं वाइंडिंगचं, म्हणजे मोटरींत नवी तार भरायचं, सामान. जळलेल्या कूलरच्या मोटरी, पंखे, मिक्सर. कारखान्याच्या टाऊनशिपमधलं काहीही जळलं की इथे यायचं. नात सुहासिनी त्या टेबलाशी शाळा करायची आणि मधल्या वेळात आजोबाच्या तारेचे तुकडे गोळा करायची. आजोबाचा दिवस त्या पोरीभोवती फिरत होता, हे तो कधी बोलला नसता. ती आत गेली तशी खोलीत फक्त जळक्या वार्निशचा वास उरला.

माणूस चांदूर बाजाराकडचा. अमरावतीला आयटीआय करून तरुणपणी भोपाळच्या कारखान्यात लागला आणि मोटर-टेस्टिंगच्या शॉपमधून रिटायर झाला. आता क्वार्टर पोराच्या, उदयच्या, नावावर. इथे आलेली मराठी माणसं वर्षा-दोन वर्षांत हिंदीत विरघळतात. नीळकंठ विरघळला नाही. फोरमन म्हणायचा, "गावंडे, हिंदी में बोलो." हा शांतपणे म्हणायचा, "हिंदीच बोलून रायलो नं साहेब." शेवटी फोरमनच वऱ्हाडी समजायला लागला.

भाषेसारखीच गावाकडची आणखी एक रीत त्यानं सोडली नव्हती. सासरा सुनेशी तोंडातोंडी बोलत नाही. बोलणं तिसऱ्याकडून जातं. "सुहे, तुह्या मायले सांग, मीठ कमी हाय." माय समोरच वाढत असायची. सुनेचा, कांचनचा, जन्म भोपाळातल्याच तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला, बाप मंत्रालयाच्या कचेरीत. तिला आधी हसू यायचं. मग सवय झाली. तीही सुहासिनीकडे बघून म्हणायची, "आजोबांना विचार, भाजी हवी का." मिठाची, भाजीची गोष्ट अशी जाऊ शकते. ही गोष्ट कोणाच्या तोंडून पाठवायची? पोरीच्या? सुमित्राबाईनं एकदा तोंड उघडून पाहिलं, तर कांचन म्हणाली, "जाऊ द्या ना आई, मी काही म्हटलं का?" काही म्हटलं नव्हतं, तीच तर अडचण.

उदय जेवायला घरी आला. हात धुताना बापाकडे न बघता म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. संडेला फॉर्मॅट मारतो. सब साफ."

"साफ होईन. पन आलं कुठून ते कसं समजंन?"

"समजून काय करायचं आहे?"

"तुले नाई कराचं. मले कराचं हाय."

 उदय आवाज बारीक करून, समजूतदारपणे म्हणाला, "होतं बाबा कधी कधी. एकटा माणूस बसतो, टाइमपास होतो. मी काही मनात नाही धरलं."

नीळकंठनं ताटावरचा हात काढला. पोरानं शिवी दिली असती तर त्यानं उलटी दिली असती. पोरानं त्याला माफ केलं होतं. न केलेल्या कामाची माफी. ती ना गिळता येत होती, ना थुंकता.

कारखान्यात एक रीत होती. गिऱ्हाइकाकडून जळून परत आलेली मोटर कोणी एकट्यानं उघडायची नाही. तक्रार करणाऱ्याचा माणूस समोर उभा राहिला की मगच झाकणाचे बोल्ट ढिले करायचे. नाहीतर उद्या तो म्हणणार, आतलं तुम्हीच बदललं. फॉर्मॅट मारणं म्हणजे जळलेली मोटर रातोरात भंगारात टाकणं. डाग मोटरीवरून जाईल आणि माणसावर राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर नीळकंठ रांधणीच्या दारात उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला.

कांचननं इकडेतिकडे पाहिलं. सुहासिनी झोपली होती. तिसरं कोणी नव्हतं.

"जरा बाहीर येतं काय? तो डब्बा खोलाचा हाय. तुह्या समोर."

कांचन हात पुसत आली. स्टुलावर बसली, अंग चोरून. सुमित्राबाई उंबरठ्यावर लसूण सोलत बसली. लसणाची काही घाई नव्हती.

"काय बघायचं आहे, बाबा?" कांचनचा आवाज रेशन दुकानात बोलावा तसा कोरडा.

"मी रोज काय करतो ते पाय. मंधात बोलू नोको. मंग सांग, चुकलं कुठी."

संगणक सुरू झाला. थोड्याच वेळात उजव्या कोपऱ्यात टिंग वाजलं. लाल त्रिकोण. मग टिंग, आणि ती बाई. नीळकंठचे कान तापले. हात खांद्याकडे गेला, दुपट्ट्यापर्यंत पोचला आणि परत आला. त्यानं ते चित्र तसंच राहू दिलं. सुनेनं पाहिलं, सासऱ्यानं पाहिलं, आणि कोणी मेलं नाही.

मग त्यानं ब्राउझर उघडला आणि एका बोटानं अक्षरं शोधत कूलरच्या पंपाचं वाइंडिंग लिहिलं. किती वेढे, कोणत्या मापाची तार, हे तो अशाच पानांवरच्या तक्त्यांत शोधायचा. एक पान उघडलं. वरून एक चौकट लोंबली, खाली दोन बटणं. टक. तक्त्याच्या जागी एक यंत्रमानव आला आणि बाण दाखवायला लागला, की तुम्ही माणूस असाल तर वरचं बटण दाबा. टक. पुढचं पान. पुन्हा चौकट. हात आपोआप...

"बाबा! थांबा, थांबा!" कांचननं त्याचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "हे काय दाबलं तुम्ही?"

"अलाऊ."

"क्यों? बाजूला ब्लॉक आहे ना."

"ब्लॉक दाबलं अन् मशीन जाम झाली तं? अलाऊ दाबलं का ते गप बसते."

"कोण गप बसतं?"

"ते. हूटर." आणि तो सांगायला लागला, सुनेकडे न बघता, पण सुनेलाच. टेस्टिंगला मोटर गरम झाली, की पॅनेलवर लाल खिडकी लुकलुकायची आणि हूटर बोंबलायचा. पहिलं काम, 'ॲक्सेप्ट'चं बटण दाबायचं. म्हणजे कळलं बाबा, ऐकलं. हूटर झोपायचा. लाल दिवा मात्र तसाच जळत राहायचा. "पह्यले हूटर झोपवाचा, मंग फॉल्ट धुंडाचा. सारी उमर तेच केलं. बटन दिसलं का हात जाते."

"मग इथे फॉल्ट धुंडला?"

 फॉल्ट त्यानं धुंडलाच नव्हता. तिथे दिवा जळत राहायचा म्हणून माणूस उठायचा. इथे चौकट गेली की सगळं निवांत वाटायचं.

"इथं दिवा कुठी लागते तेच नाई समजलं," तो म्हणाला.

कांचननं पदर खोचला आणि स्टूल पुढे ओढलं. आता तिच्या आवाजातलं रेशन दुकान गेलं होतं. "बघा, तुम्ही अलाऊ म्हणता ना, मतलब त्या साइटला घरात ये म्हणता. मग ब्राउझर बंद केला तरी ती कोपऱ्यातून डोकावणार. तुम्ही चित्र मिटता, पण परवानगी तर राहते. ही बाई कुठल्या व्हिडिओतून नाही आली. या तुमच्या तक्त्याच्या पानांवरून आली."

"आईच्या गावात," नीळकंठ म्हणाला. सुनेसमोर बोलून गेला हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके. सेटिंग्ज. तिथून साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे ज्यांना ज्यांना आत घेतलं होतं त्यांची नावं बसली होती, एकाखाली एक, ना रूप ना अर्थ, नुसती अक्षरांची खिचडी.

"आणा, मी काढते."

"मले काढू दे. म्याच आत घेतले, म्याच हाकलतो."

तो एकेकाला हाकलू लागला. नावापुढचे ठिपके दाबायचे, काढून टाका म्हणायचं. कांचन फक्त एकदा म्हणाली, "हे राहू द्या, हे सुहाच्या शाळेचं आहे." मग तिनं खालचा पर्याय दाखवला, म्हणजे पुढे कोणत्याही साइटनं हे विचारायचंच नाही. हूटरची तारच तोडली.

तरी ब्राउझर उघडला की भलतंच शोधायचं पान येत होतं. कांचननं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली कामं, उघडून दाखवली. तक्ते वाचायला म्हणून घेतलेलं एक जोडकाम तिथे बसलं होतं; ते उपटलं. संगणकातल्या प्रोग्रामांच्या यादीत एक 'सफाई करणारा' निघाला. व्हायरसची बोंब मारून पैसे मागणारा तोच. त्याला काढायला गेले तर त्यानं उलट विचारलं, खरंच काढायचं? 'ठेवा'चं बटण हिरवं आणि रुंद, 'काढा' खाली, राखाडी, बारीक. नीळकंठचा हात हिरव्याकडे निघाला.  हात मधेच थांबला. बाण हळूहळू खाली आला आणि बारीक बटणावर टेकला.

संगणकातच असलेल्या सुरक्षेच्या सोयीला तिनं सगळं तपासायला लावलं. मग बंद करून परत सुरू केलं. तिघंही कोपऱ्याकडे बघत बसली. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, गेली. कोपरा कोराच राहिला.

"मेली काय ती बाई?" सुमित्राबाई उंबरठ्यावरून म्हणाली.

"मेली आई," कांचन म्हणाली. हसली नाही, पण तोंड सैल झालं.

ती उठली. नीळकंठ उठला नाही. पडद्याकडेच बघत म्हणाला, "उदयले सांगजो."

"काय सांगू?"

"हेच. का बाप..." 

"सांगते. नीट सांगते. तो सॉरी म्हणेल तुम्हाला."

"नोको. सॉरी म्हणाले लावू नोको त्याले. आता कोनी काईच म्हणू नोका."

   आत जाऊन कांचननं पोरीला उठवलं. "सुहा, चल, तोंड धू. क्लासची वेळ झाली. आणि हे पुस्तक-वही बाहेर ने, आजोबांकडे."

पोर डोळे चोळत आली आणि खुर्चीवर चढली. "आजोबा, मोबाईलवर शाळेच्या बाईंचं डोकंच दिसत होतं," तिनं तक्रार केली.

"आता पुऱ्या दिसन. बस."

पडद्यावर वर्ग भरला. बाईंनी पाढे म्हणायला लावले आणि पोरांचा गलका खोलीत उतरला. नीळकंठनं सतरंजीवर बसून समोरच्या गल्लीतल्या गोविंदरावांचा पंप मांडीशी ओढला. जळकी तार कापून काढली, खाचांमधली राख ब्रशनं झाडली, पॉलिशपेपरनं कडा घासल्या, आणि इन्सुलेशनचा कागद कापायला घेतला.