गॅसघरातला गफ्फार

पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर गफ्फार पंधरा वर्षं ट्रकच्या पोटाखाली आडवा होता. मेकॅनिक चांगला. एकसष्ट साली जॅक सरकला आणि ट्रक त्याच्या पाठीला जरासा टेकला. ट्रकला काही झालं नाही. गफ्फारला डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वाकायचं नाही, सरपटायचं नाही. म्हणजे न्हाव्याला सांगायचं, डोक्याला तेवढा हात लावू नकोस!

नेमकं तेव्हाच यवतमाळला आमच्या नव्या कॉलेजचं, प्रयोगशाळेतल्या बर्नरांना गॅस पुरवणारं गॅसघर तयार होतं आणि चालवायला माणूस मिळत नव्हता. लाल तापलेल्या नळीत रॉकेल थेंबथेंब सोडायचं. होणारा गॅस पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी टोपाखाली साठवायचा. टोप वर असला की गॅस आहे, खाली बसला की संपला. सगळं उभ्यानं करायचं काम. प्राचार्यांनी त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं.

"युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल नीट पार पडू दे, मग कायम करतो," ते म्हणाले. "पण परीक्षा चालू असताना परीक्षेच्या खोलीत पाऊल टाकलंस, तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस."

घरी बायकोनं, खैरुनबीनं, आणखी एक अट घातली. "सायेब लोकायशी ट्रकवाल्यावानी बोलू नका. हे बी नोकरी गेली तं खाचं काय?"

मार्च उजाडला. सकाळी वीस मुलं, दुपारी वीस, असा बेत होता. सकाळच्या विसांपुरताच गॅस गफ्फारनं भरला, दुपारचा मधल्या वेळात करायचा होता. पण नागपूरहून आलेल्या परीक्षकांना दीडची बस गाठायची होती. त्यांनी चाळीसच्या चाळीस एकदम बसवली. हे गॅसघरात जाऊन सांगावं, असं एकाही विद्वानाला सुचलं नाही. त्या विद्वानांत मीही होतो, कारण मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर होतो.

तासाभरात टोप निम्म्यावर आला. गफ्फारनं भट्टी पेटवली, पण नळी लाल व्हायला तास लागतो. तो खिडकीशी येऊन मला हातवारे करू लागला. मी नियमाला जागून, 'इथून नीघ, नाहीतर घरी जाशील' अशा अर्थानं त्याला फाटकाकडे बोट दाखवलं. तो परत गेला.

टोप आता वीतभर उरला होता. परीक्षेचा सव्वा तास बाकी. आत चाळीस मुलं क्षार ओळखत होती. ज्योती विझल्या असत्या तर चाळिसांचं वर्ष आणि एकाची नोकरी, दोन्ही गेलं असतं.

हमरस्त्यावर समोरच्या ट्रकला 'दिवा कमी कर' म्हणायचं तर आपला दिवा दोनदा मिचकावतात. त्याला डिप्पर देणं म्हणतात. गफ्फारनं मुख्य तोटीवर हात ठेवला. केसभर जास्त फिरली तर ज्योती विझणार आणि वर नुसताच गॅस खोलीत भरणार. श्वास धरून त्यानं तोटी दोनदा वळवली.

आत चाळीस ज्योती एकदम दबल्या, पुन्हा उठल्या. पुन्हा दबल्या, पुन्हा उठल्या. केळापूरजवळच्या तांड्यावरचा खेमसिंग, त्याचा बाप ट्रक चालवायचा, त्यानं मुकाट्यानं आपला बर्नर कमी केला. शेजारच्यानं त्याचं बघून केला.

परीक्षक ताडकन उठले. "खुणा! बाहेरून खुणा चालल्यात! आणा त्या गॅसवाल्याला!"

दोन शिपायांनी गफ्फारला धरून आणलं. दारात प्राचार्य पांढरे पडून उभे.

"खूण केलीस?" परीक्षकांनी विचारलं.

"केली, सायेब."

"कोणाला?"

"चाळीसही बर्नरले."

कोणी हसलं नाही. पहिला बर्नर खेमसिंगनं कमी केलेला परीक्षकांनी पाहिला होता, ते त्याच्याकडे वळले. "तुला काय सांगितलं यानं?"

"बत्ती कमी कर म्हनते, सर. डिप्पर देल्ला त्यानं."

परीक्षक ताडताड गॅसघरात गेले. टोप जेमतेम चार बोटं उरला होता. ते जसे गेले तसेच धावत परत आले. "सगळ्यांनी ज्योत बोटभर करा! ताबडतोब!"

मग गॅसघरात प्राचार्य, परीक्षक आणि गफ्फार टोपाकडे बघत उभे राहिले. तीन बोटं. दोन. नळी लाल झाली. गफ्फारनं रॉकेल सोडलं. टोप थरथरला, थांबला, आणि मुंगीच्या चालीनं वर निघाला. प्राचार्यांनी कपाळ पुसलं.

"तरी खोलीत पाऊल टाकलंसच तू," ते म्हणाले. काहीतरी म्हणायला हवंच होतं.

"मले धरून आनलं, सायेब. मी काहून आलो असतो?"

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं आणि अहवालात तिथंच उभ्यानं लिहिलं, 'गॅसमन दक्ष आहे. त्यास कायम करावे. परीक्षेच्या वेळी त्यास खोलीत येऊ द्यावे.' प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "उद्या ऑर्डर टाइप करून घे," ते म्हणाले.

गफ्फारनं मान हलवली, पण नजर टोपावरून काढली नाही.

"उद्याच्या वर्गात किती पोरं हायेत, सायेब? थे आत्ताच सांगून ठेवा."