कुणीही उठवू नये

आधी चहा घ्या हातात, मग सांगतो. ही गोष्ट ऐकताना माणसांना हसू येतं, आणि माझ्या तोंडावर हसायला अवघड वाटलं की निदान कपात बघता येतं. मी आयुष्यात घोटाळे पुष्कळ केले हो, पण सरकारी शिक्क्यानिशी केलेला हा एकच.

निजामाचं राज्य होतं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत मी मुन्शी होतो. कचेरीचा सारा कारभार उर्दूत. पण आमच्याकडली पैनगंगेच्या अंगाची गावं मराठी बोलणारी. त्यामुळं साहेबांचा उर्दू हुकूम मराठीत उतरवायचा आणि गावोगावच्या पटेलांना धाडायचा, हे माझं काम. नोकरी अजून कच्ची होती. उन्हाळ्याचा दौरा नीट पार पडला, तर साहेब माझ्या नावापुढं ‘कायम’ लिहिणार होते.

त्याच वर्षी माझं लग्न झालेलं. बायको, कमळी, पहिल्या उन्हाळ्याला माहेरी गेली होती, वणीकडं. आणि तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानं, नागपुराहून मला दोन वस्तू धाडल्या होत्या. एक शाईचं पेन आणि एक डायरी. दिवसाला एक अख्खं पान!

तुम्हाला आज त्याचं काय वाटणार? तोवर मी टाकानं लिहीत होतो. दोन शब्द लिहायचे, टाक दौतीत बुडवायचा, तिसऱ्या शब्दावर डाग पाडायचा. आणि हे पेन! काळं, गुळगुळीत, आणि नीब अशी की कागदावर ठेवली की आपणहून चालायला लागावी. सकाळी शाईची गोळी पाण्यात विरघळवायची, थेंब थेंब पेनात भरायची, मग नीब पुसायची. बोटं निळी होत. ती मी मुद्दाम धूत नसे. चार लोकांना दिसायला नको?

उन्हाळ्यात नीब वाळते, म्हणून मी पेन ओल्या फडक्यात गुंडाळून सुरईच्या बुडाशी ठेवायचो. कचेरीतले लोक म्हणत, मुन्शी स्वतः घामानं निथळून राह्यला अन् पेनाला थंडावा देऊन राह्यला.

आता पेन आहे म्हटल्यावर काहीतरी लिहायला पाहिजे ना? कचेरीचं लिहून मन भरत नसे. मग मी डायरीत पुढल्या दिवसांचे बेत लिहायला लागलो. सोमवारी काय खायचं, मंगळवारी कुठं बसायचं. तुम्हाला म्हणून सांगतो, अर्धी मजा त्या लिहिण्यातच यायची. ‘उद्या कैरीचं पन्हं’ असं सुरेख अक्षरात लिहिलं, की आजच दात आंबायचे.

त्या वैशाखात दौरा निघाला. गुडीहत्नूरच्या बाजूची दोन गावं, प्रत्येक गावी एक दिवस. मी साहेबांबरोबर जाणार होतो. साहेबांनी सांगितलं तसा मी दौऱ्याचा मराठी कार्यक्रम लिहिला. पहिल्या गावी हद्दीचे दगड पाहणे, पटवाऱ्याचे कागद तपासणे. दुसऱ्या गावी रयतेच्या तक्रारी ऐकणे. रुक्ष काम, पण अक्षर मोत्यासारखं.

लिहून झालं तरी पेनात शाई होती. हात थांबेना. मग तसलाच दुसरा कागद घेतला, तशाच रेघा आखल्या, वर तसंच ‘दौऱ्याचा कार्यक्रम’ लिहिलं आणि खाली स्वतःचा बेत मांडला. साहेब दगड पाहतील तेव्हा आपण काय करायचं, त्याचा. डायरीत उतरवण्याआधीचा कच्चा मजकूर होता तो, पण कचेरीची भाषा अंगात भिनलेली. पहिलं गाव: सकाळी विहिरीत पोहणे. नंतर नदीच्या रेतीतली खरबुजे, गार केलेली. दुसरं गाव: जेवण झाल्यावर आंब्याच्या दाट सावलीत झोप, ‘कुणीही उठवू नये, सख्त ताकीद’. त्याखाली दोन रेघा ओढल्या. रेघा फार छान आल्या होत्या. आणि शेवटी: ‘संध्याकाळी कमळी. सावकाश, मन लावून.’

म्हणजे कमळीला पत्र लिहायचं. पण मला माझ्यापुरतं लिहायचं होतं, मग ‘पत्र’ कशाला लिहू?

एक कागद खिशात घातला. दुसरा पेशकारांपुढं ठेवला. पेशकार म्हणजे साहेबांच्या कागदांवर शिक्का मारणारे आमचे वडीलधारे. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षराची तारीफ केली आणि ठप्पकन शिक्का मारला. दोन्ही गावांना मिळून हुकमाचा कागद एकच होता. पहिल्या गावानं वाचायचा, नक्कल ठेवायची आणि पुढल्या गावी धाडायचा.

तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र चार दिवस कळलं नाही.

आमचे तहसीलदार साहेब हैदराबादचे कायस्थ. अंगानं भरलेले, शिस्तीनं कडक. बैलांच्या दमणीतून पहाटे पहिल्या गावी उतरलो, तर पटेल वेशीवर हजर. रामराम झाला, आणि पटेल साहेबांना घेऊन थेट मळ्यातल्या विहिरीकडं निघाला. मला वाटलं, तिथला एखादा हद्दीचा दगड असेल. विहिरीच्या काठावर नवं धोतर घडी करून ठेवलेलं, बाजूला दोन सुकलेले मोठे भोपळे दोरीत बांधलेले.

साहेबांनी विचारलं, हे काय. पटेलानं हात जोडून सांगितलं, की हुजूर, विहीर खोल हाये, म्हणून भोपळे बांधले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मीही पटेलाकडं कौतुकानं बघत होतो. मी साहेबांना सांगितलं, की इकडं पाहुण्याला असा मान देत असतील. भोळेपणा बघा माझा!

गाव सारं भोवती जमलेलं. नाही म्हटलं तर मान जातो, म्हणून साहेब कपडे उतरवून, कमरेला भोपळे बांधून विहिरीत उतरले. पहिल्यांदा घाबरले. मग भोपळ्यांनी त्यांना वर धरलं, आणि तो कडक माणूस पाठीवर पडून आभाळाकडं बघत तासभर तरंगत राहिला. वर आले तेव्हा चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला. मग खरबुजं आली. ओल्या गोणपाटात रातभर ठेवलेली, कापली की सगळ्या मळ्याला वास. साहेबांनी मोजली नाहीत, मीही मोजली नाहीत.

खाऊन हात धुतले आणि मनात म्हटलं, आपला पुढला बेत काय बरं? खिशातला कागद काढला.

‘हद्दीचे दगड पाहणे.’

मी तो कागद उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला. ‘पटवाऱ्याचे कागद तपासणे.’ खरबुजानं पोटात आलेला सारा गारवा तिथंच गेला हो! पटेलाकडं धावलो, हुकमाचा कागद कुठं आहे म्हणून विचारलं. त्यानं शांतपणे सांगितलं, की नक्कल करून परवाच पुढं धाडला.

साहेबांना सांगावं? सांगणार होतो. पण साहेब दमणीत बसून कसलीशी गझल गुणगुणत होते. कचेरीत त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. आणि ‘कायम’ लिहायला तेवढा एकच हात होता. मी कागद पुन्हा खिशात घातला. मनात हिशेब केला, की दुसऱ्या गावी फक्त झोप आहे. झोपेनं कुणाचं काय बिघडतं?

कमळीचं मी विसरलोच होतो.

दुसऱ्या गावी जेवण उरकलं. आंब्याखाली बाज, बाजेवर पांढरी चादर, उशाला मातीचा माठ, आणि चारी अंगानं पाणी मारून ठेवलेलं. साहेब पाठ टेकायला म्हणून आडवे झाले आणि घोरायला लागले.

मी जरा लांब बसलो होतो. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. गंगाबाई नाव तिचं. दीर तिच्या शेतात चार तास, म्हणजे नांगराच्या चार ओळी, आत सरकून नांगरत होता, आणि साहेब येणार म्हणून ती तीन कोस उन्हातून चालत आली होती. पायात वहाणा नव्हत्या, पळसाची पानं बांधलेली. तिथल्या पटेलानं तिला हातानंच थांबवलं. म्हणाला, आज काही व्हत नाही माय, वरून हुकूम हाये.

ती तिथंच मातीत बसली. तिचं ते बसणं मला बघवेना. मी उठलो आणि साहेबांना जागं करायला निघालो.

पटेल आडवा आला. “मुन्शीजी, काऊन उठवता? तुमची नोकरी जाईन ना बापा.” आणि त्यानं बंडीच्या खिशातून तो कागद काढून माझ्या डोळ्यांपुढं धरला. माझंच अक्षर. मोत्यासारखं. कुणीही उठवू नये, सख्त ताकीद, खाली दोन रेघा.

माझ्याच हुकमानं मला अडवलं होतं! पटेलाला म्हटलं, हे चुकून लिहिलं गेलंय. तो म्हणाला, दोन रेघा चुकून वढत नाही कोनी.

मग काय करणार? मी माठाकडं पाणी प्यायला गेलो आणि माठाला असा धक्का दिला, की तो बाजेच्या पायावर फुटला. सगळं पाणी साहेबांच्या उशाखाली! साहेब ताडकन उठून बसले. मी गंगाबाईला पुढं घातली आणि तिची तक्रार उर्दूत सांगायला सुरुवातही केली, साहेबांना रागवायला सवडच ठेवली नाही. साहेबांनी ऐकलं. झोप झालेली होती, म्हणून फार नीट ऐकलं. तिच्या दिराला बोलावलं, पटवाऱ्याचा नकाशा मागवला, स्वतः शेतावर जाऊन चारही तास मोजून तिच्या पदरात परत टाकले. म्हातारीनं साहेबांना हात जोडले. माझ्याकडं बघून म्हणाली, “बाबू, मडकं फुटलं त बरं झालं.”

मला वाटलं, सुटलो.

दिवस कलला. साहेब हातपाय धुऊन खुर्चीवर बसले, आणि वाजंत्री वाजायला लागली. पुढं पटेल, मागं अर्धं गाव, मधोमध एक म्हैस. अशी म्हैस मी जन्मात बघितली नव्हती. घासून धुतलेली, शिंगांना तेल, कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूचा हार.

पटेलानं तिला साहेबांपुढं उभी केली. “हुजूर, हे आमची कमळी. आता सावकाश पाहा, मन लावून.”

साहेबांनी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं साहेबांकडं बघितलं. मग साहेबांनी विचारलं, ही कशासाठी आणली. पटेल म्हणाला, हुकमात लिवलं हाये. गावात कमळी नावाची दुसरी कोनी नाही साहेब, आमी घरोघर इचारलं.

साहेबांनी कागद मागितला. वरचा शिक्का ओळखला, खालची मराठी काही वाचता आली नाही. कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, “मुन्शीजी, पढिये. ज़ोर से.”

मी वाचला. उर्दूत उतरवून, अख्ख्या गावापुढं. विहीर वाचली. खरबुजे वाचली. झोप वाचली. शेवटच्या ओळीशी थांबलो.

“आगे?”

पुढली ओळ वाचली.

“और ये कमली कौन है?”

मी खाली मान घातली. “हुजूर, मेरी घरवाली.”

वाजंत्री कधीच थांबली होती. पटेलानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा म्हशीकडं, आणि पदरात पाप नको म्हणून तिच्या गळ्यातला हार हळूच काढून घ्यायला लागला. साहेबांनी त्याला राहू दे म्हणून सांगितलं. मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते. रडत नव्हते हे मला उशिरा कळलं.

शिक्षा झालीच. दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या गावी परतलो, आणि भर दुपारच्या उन्हात हद्दीचे सगळे दगड मी एकट्यानं हिंडून पाहिले. साहेब विहिरीत होते. भोपळे बांधून. संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, आता त्या बाईंना पत्र लिहा. झालं ते सगळं लिहा, एक ओळ गाळायची नाही. मी लिहीत होतो तोवर ते समोर पहारा केल्यासारखे बसून होते. माझ्या नावापुढं त्यांनी ‘कायम’ही लिहिलं, पण शेरा मारला, की अक्षर उत्तम, कागद देण्याआधी मात्र दोनदा पाहावा.

नोकरी वाचली म्हणून मी पेढा खायच्या आनंदात कचेरीत आलो, तर कमळीचं उत्तर आलेलं. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या जेमतेम पाच ओळी.

‘आपणांस नमस्कार. पत्र पोचले. आईने व वहिनीने मोठ्याने वाचून घेतले. आपल्या कागदात आधी विहीर, मग खरबूज, मग झोप, आणि हे सगळे आटोपल्यावर मी, असे दिसते. तरी आपण विहीर, खरबूज व झोप उरकून घ्यावी, घाई नाही. मीही येते. सावकाश, मन लावून.’

थेट पोळ्याला आली हो ती!