दवाखान्यातला उलटा शर्ट

दवाखान्याच्या दाराशी चपला साठतात तसे किस्से साठतात. संध्याकाळी पाहावं तर सगळ्या एकीत एक अडकलेल्या, आणि एखादी कोणाची ते कोणालाच सांगता येत नाही. मी बजाजनगरातल्या एका लहान दवाखान्याच्या दारात स्टुलावर बसतो. सकाळी पुठ्ठ्याचे नंबर वाटायचे आणि मग एकेक नंबर पुकारायचा, एवढंच काम. डॉक्टरांनी मला निळा शर्ट दिलाय, खिशावर दवाखान्याचं नाव शिवलेलं. सगळे मला मामा म्हणतात. शिक्षण चौथी, गाव देवगाव रंगारी. या कामाआधी बावीस वर्षं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होतो. लोकांच्या पिशव्या तपासण्यात उमर गेली, त्यामुळं संशय घ्यायची सवय हातालाच लागलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं नसरीन मॅडम आल्या. एका संस्थेनं पाठवलेल्या. आठवड्यातले तीन दिवस औरंगपुऱ्याकडून स्कूटीवर येतात. कोणाला शुगर आहे, कोणाला फिट येते, कोणाची कंबर गेली, तर त्या माणसाची नोकरी सुटू नये म्हणून धडपडायचं, हे त्यांचं काम. माणूस हो म्हणाला तर त्याच्या कंपनीत जायचं, पाळी बदलून मागायची, बसून करायचं काम मागायचं. त्यांच्या खोलीवर पाटी लागली, ‘आजारपणात कामावर टिकायला मदत’.

पाटी लागली आणि पेशंटनी बाकडं उचलून समोरच्या भिंतीला नेलं.

"फुकट कोण कोणाची नोकरी वाचवतं? कंपनीनंच बसवली असंल हिला, आजारी माणसं हुडकायला," असं बाकड्यावर चालायचं. मी बोलायचो नाही, पण मलाही तेच वाटायचं. मला एक जास्तीचं कारण होतं. माझी नजर जात चालली होती. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, पुठ्ठ्यावरचा आकडा दिसायचा नाही. हे कोणाला कळलं की स्टूल गेलं. बायको वारल्यापासून दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडतो तो याच स्टुलावर. म्हणून मी नंबर ओळीनं लावून ठेवायचो, वरचा पहिला, खालचा शेवटचा, आणि कोणाच्या मागं कोण आलं ते आवाजावर लक्षात ठेवायचो. असं वर्षभर चालवलं.

*

आमच्याकडं येणाऱ्या कामगारांची एक रीत आहे. कंपनीचा शर्ट असतो, खिशावर कंपनीचं नाव. दवाखान्याच्या कोपऱ्यावर आले की शर्ट काढतात आणि उलटा करून घालतात. कोण कुठला ते कळू नये म्हणून. मॅडम आल्यापासून तर एकही सुलटा शर्ट आत यायचा नाही.

भाऊसाहेब म्हणून एक वेल्डर आहे. एकदा दुखणं दाखवून तसाच घाईत दुसऱ्या पाळीला गेला. गेटवरच्या वॉचमननं त्याला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

*

हाच भाऊसाहेब. दुखायची त्याची कंबर. पण मॅडमची परीक्षा घ्यायची म्हणून त्यानं आत जाऊन सांगितलं, मला शुगर आहे. ही गोष्ट कंपनीत पोचली तर समजायचं, बाई त्यांची.

मॅडमनी लिहून घेतलं आणि त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला. पुढच्या आठवड्यात परत बिनसाखरेचा. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. भाऊसाहेब चार चमचे साखर खाणारा माणूस. चौथ्या खेपेला त्यानं कप खाली ठेवला.

"मॅडम, मला शुगर नाय. कंबर हाय."

"माहीत आहे भाऊ. शुगरवाला माणूस खुर्चीत बसताना ‘आई गं’ म्हणत नाही."

"मग तीन आठवडे असला चहा का पाजला?"

"तुम्ही माझी परीक्षा घेत होता ना? मला वाटलं, आपण पण घेऊन बघू."

*

रईसभाई प्रेस मशीनवर होता. त्याला फिट यायची आणि कंपनीला ठाऊक नव्हतं. मशीनवर असताना आली तर हात गेलाच समजा. त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायला मॅडमना दोन महिने लागले. मग त्याला स्टोअरमध्ये काम मिळालं, पण अट एक, गोळी चुकायची नाही. म्हणून मॅडम रोज सकाळी त्याला फोन करायच्या.

एक दिवस त्याची बायको मोबाइल घेऊन दवाखान्यात आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मामा, ती नसरीन कोण ते मला दाखवा. रोज सकाळी माझ्या घरवाल्याला काय विचारते?"

मी दार दाखवलं. खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं. आता बाईचं खरं रूप बाहेर येतंय, असं वाटलं. दार उघडंच होतं.

"गोळी घेतली का, एवढंच विचारते," मॅडम म्हणाल्या.

"आणि तो काय म्हणतो?"

"म्हणतो, जी मॅडम, घेतली."

बायको खुर्चीत बसली. "तेरा साल झाले. मी विचारलं तर म्हणतो, डोकं खाऊ नको. मला एकदा जी म्हणाला नाही हो."

त्या दिवसापासून फोन बायकोच करते, स्वयंपाकघरातून. रईसभाई बाहेरच्या खोलीतून जी म्हणतो. त्याच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर ‘मॅडम’ नावानं ठेवलाय.

*

मंगल पॅकिंगमध्ये होती. आठ तास उभं राहून पाय सुजायचे. तिनं हो म्हटल्यावर मॅडम कंपनीत गेल्या. तिथल्या सुपरवायझरला वाटलं, ही युनियनची बाई. त्यानं दोन साक्षीदार बोलावले, मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाला, "बोला, काय मागणी आहे?"

"एक स्टूल."

त्यानं साक्षीदारांकडं पाहिलं. "आज हिला स्टूल दिलं तर उद्या सगळ्याच मागतील."

"उद्या सगळ्यांचे पाय सुजले तर मी परत येईन," मॅडम म्हणाल्या.

स्टूल मिळालं, पण साखळीनं टेबलाला बांधलेलं. कोणी पळवू नये म्हणून.

दोन महिन्यांनी दवाखान्यात एक नवीन माणूस आला. भारी बुटांचा आवाज, हळूहळू चालणारा. मंगल बाकड्यावरच होती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, हे आमचे सुपरवायझर. शर्ट बघा, उलटा हाय."

*

आता माझं.

एका सकाळी नंबर वाटायच्या आधीच पंखा जोरात सुरू झाला आणि सगळे पुठ्ठे जमिनीवर उडाले. मी खाली बसलो. गोळा केले, पण लावायचे कसे? बाहेर वीसएक माणसं उभी. मी हातात पुठ्ठे धरून तसाच बसून राहिलो.

नसरीन मॅडम आल्या, पर्स बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या. एकेक पुठ्ठा उचलून स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणत गेल्या, "सात. बारा. हा तीन." मी ऐकत गेलो आणि लावत गेलो. शेवटी त्या उठल्या, आत गेल्या आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

झालं. मला कळलं, आपण सापडलो. त्या दिवशी त्यांनी पाठवलेला चहा मी घेतला नाही. दुपारी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, दार लावून बराच वेळ बोलल्या. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबाला बोलावून घेतलं आणि मी जवळ जाताच मॅडम, डॉक्टर आणि तो, तिघं गप्प झाले. बावीस वर्षं गेटवर काढलीत मी. माणसाला काढायचं ठरलं की बाकीचे कसे गप्प होतात ते मला माहीत आहे. शनिवारी मी माझी पाण्याची बाटली आणि स्टुलावरची गादी पिशवीत घालून घरी नेली. काढलं तर हात हलवत जाता यावं म्हणून.

सोमवारी आलो तर स्टूल जागेवर होतं. टेबलावर पुठ्ठे नव्हते. एक डबा होता. हात घातला, पत्र्याचे गोल बिल्ले लागले. प्रत्येकावर जाड तार वाकवून आकडा वेल्ड केलेला. बोट फिरवलं की कळायचं. सात. बारा. हा तीन. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कोणाला लागू नये म्हणून.

भाऊसाहेब पहिला उभा होता. "पुठ्ठे लोक खिशात घालून नेत्यात मामा. पत्र्याचं बरं."

"व्हय," बाकीचे म्हणाले. "आता पंख्यानं उडायचे नायत."

मी पहिला बिल्ला भाऊसाहेबाच्या हातात दिला. दिवसभर नंबर पुकारले, एकही चुकला नाही.

शेवटचा पेशंट गेला तेव्हा डब्यात सगळे बिल्ले परत आलेले होते. मी बोटानं एक नंबर शोधून काढला आणि मुठीत धरला. मग मागच्या बाजूला गेलो, निळा शर्ट काढला, उलटा केला आणि घातला. नसरीन मॅडमच्या दाराशी येऊन उभा राहिलो.

त्यांनी मान वर केली. मग डायरीचं नवीन पान उलटल्याचा आवाज आला.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "कोणत्या कंपनीत असता?"