सरूआत्या उठून गेली तेव्हा

शांतपणे बोललं की सगळं मिटतं, असं सांगणारा माणूस भेटला की त्याच्या डोक्यावर म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, भरलेली टोपली द्यावी आणि भर वैशाखात त्याला आमच्या वेसाव्याहून अंधेरीच्या बाजारापर्यंत चालवावं, असं मला वाटतं. बाजारात पोचल्यावर मग सांग म्हणावं तुझा शांतपणा. माझी सरूआत्या भांडखोर होती, असं गावात अजून म्हणतात. होतीच. पण तिला भांडायला कुणी लावलं, हे ज्यांना ठाऊक आहे ते मूग गिळून बसलेत, म्हणून मी लिहितो आहे. मी काही लेखक नव्हे. सातवी झाल्यावर बापाच्या होडीवर चढलेला कोळी आहे, आणि माझं डोकं अजून तापलेलं आहे.

सरूबाई ही माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला बसायचा तिचा ओटा होता. आमच्यात दर्यावरचं सगळं पुरुषाचं, पण म्हावरं किनाऱ्याला लागलं की ते बाईचं. भाव तिचा, गिऱ्हाईक तिचं, भांडणही तिचं. पुरुष बाजारात विकायला बसला तर गाव हसतं.

भाव करण्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पापलेटाचा भाव ती मुळातच चढवून सांगायची. गिऱ्हाईक नाक मुरडून चालायला लागलं की त्याच्या सात पिढ्या काढायची आणि ते थोडं पुढे गेलं की आवाजात साखर घालून हाक मारायची, "ये गो बाय, घे, तुझ्या मनासारखं!" गिऱ्हाईकही काही खुळं नसायचं. हाक येणार हे धरूनच ते पाय ओढत चालायचं. ती शिवीगाळ, ते रुसून जाणं, ती हाक, सगळा बाजार त्यावर चालायचा आणि कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही.

स्वराज्यानंतर पाच-सहा वर्षांनी गावातल्या बायकांनी मिळून एक लॉरी लावली. मालक मार्तंडराव, अंधेरी स्टेशनजवळ राहणारे, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. ड्रायव्हर चंदू. डोक्यावरची ओझी उतरली, माझी आई मथुरा तर लॉरीला हळदकुंकू लावून आली. तिचा उजवा गुडघा तेव्हाच सुजायला लागला होता.

पण लॉरी सुटायची सकाळी सहाला, ठोक्याला. आणि दर्याला घड्याळ कळत नाही. ओहोटी असली की होड्या खाडीत शिरत नाहीत, पाणी चढेपर्यंत बाहेर थांबतात. त्या दिवसांत बायका रिकाम्या टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या, होड्या समोर डोळ्यांना दिसतायत, आणि चंदू लॉरी चालू करून निघून जायचा. मागून आलेलं म्हावरं उन्हात नासायचं. असं तीन-चारदा झाल्यावर आत्याने एक दिवस म्हावऱ्याच्या पाण्याचं घमेलं चंदूच्या अंगावर ओतलं. मार्तंडरावांचा निरोप आला की सहा म्हणजे सहा, जमत नसेल तर दुसरी लॉरी बघा.

गावचे पाटील म्हणाले, मी जाऊन बोलतो. आत्या म्हणाली, "तुमी दर्या सांभाला. बाजाराचा शब्द बाईचा." आईला आणि आणखी दोघींना घेऊन ती मार्तंडरावांकडे गेली. ते पडवीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. बायका उभ्याच होत्या. बसा म्हणायला त्यांची जीभ झिजत होती काय, कोण जाणे.

आत्याने सवयीने भाव चढवून सांगितला. "भरती येल तवा लॉरी सुटंल. रोज. नाय पटत तर ठेवा तुमची लॉरी, आमी चाललो."

आणि ती खरंच चालायला लागली. आई सांगायची, फाटकापर्यंत इतकी हळू गेली की बाकीच्या तिच्या पुढे निघाल्या. फाटकाशी थांबून तिने पदर नीट केला. हाक येईल, मग लॉरी अर्धा तास थांबण्यावर तोडू, असा तिचा हिशोब. मार्तंडरावांनी पेपराचं पान उलटलं. त्यांच्या जगात उठून गेलेला माणूस गेलेला असतो. आमची रीत त्यांना ठाऊक नव्हती, हे मी समजू शकतो. पण दारात थबकलेल्या बाईला "काय हो?" एवढं विचारायला कसली रीत लागते? दुसऱ्या दिवसापासून लॉरी बंद झाली.

मग सगळ्या बायका पुन्हा डोक्यावर टोपल्या घेऊन चालायला लागल्या, आणि गावातल्या पुरुषांची तोंडं सुटली. "बायकांना बोलायला धाडलं की हेच व्हायचं," असं जाळी विणत बसल्या बसल्या म्हणायचे. त्यांच्यातल्या एकानेही टोपलीला हात लावला नाही. मी आईची टोपली घेऊन निघालो तर आईनेच ती ओढून घेतली. म्हणाली, "पोराच्या डोक्यावर टोपली दिली तर मना गावान तोंड दाखवाया जागा नाय." घरात दुसरी बाई नव्हती. गुडघा टम्म फुगला तरी ती जात राहिली आणि एक दिवस चार बंगल्यापाशी रस्त्यातच बसली. बैलगाडीवाल्याने घरी आणून सोडलं. त्यानंतर तिला उंबरा ओलांडवेना.

आईचा ओटा बाजाराच्या दाराशी होता, तिच्या आईकडून आलेला. आणि आमच्या बाजाराचा नियम असा की बसणारीचा ओटा. फार दिवस रिकामा राहिला तर दुसरी बसते आणि मग तिला कुणी उठवत नाही. आत्या आपल्या ओझ्यात आईचं थोडं म्हावरं न्यायची, पण तिचा ओटा आत दुसऱ्या टोकाला. एक बाई दोन ठिकाणी कशी बसणार? आई अंथरुणावरून रोज एकच विचारायची, "माज्या जाग्यावर कोन बसली तर नाय ना?"

त्या दिवसांत मी आत्याशी बोलत नव्हतो. तिचा ताठा शाबूत राहिला आणि आईचा गुडघा गेला, असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती एरवी मला सोलून काढती. त्या दिवशी ती आईच्या गुडघ्याकडे बघून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून ती चंदूला गाठायला गेली, ज्याच्या अंगावर तिने घमेलं ओतलं होतं त्यालाच. तो तिला बघून लांब सरकला. ती म्हणाली, "ओतलं ते चुकलं. आता सांग, सहाची एवरी कसली घाई रं तुना?"

चंदू म्हणाला, "अगं आत्ये, हे आधी विचारायचं ना! आठला सिनेमाच्या स्टुडिओत सेटचं सामान उचलायचं असतं. उशीर झाला की शेट माझी चामडी लोळवतो. वर लॉरीला वास येतो म्हणून ते स्टुडिओवाले मला शिव्या घालतात ते वेगळंच."

एवढंच होतं. एवढ्यासाठी आमच्या गावातल्या बायका महिनाभर उन्हात भाजल्या! मार्तंडरावांनी सांगितलं नाही, पाटलांनी विचारलं नाही, आत्यानेही विचारलं नाही. प्रत्येकाला आपलंच म्हणणं दामटायचं होतं. हे ऐकल्यावर मला हसावं की कुणाच्या मुस्कटात मारावी तेच कळेना.

दुसऱ्यांदा मार्तंडरावांकडे जाताना ती मला बरोबर घेऊन गेली. फाटकातून परत आत शिरताना तिची मान खाली नव्हती, पण कानशिलं लाल झाली होती. या वेळी ती पडवीच्या पायरीवर बसली, कुणी बस म्हणायची वाट न बघता.

"काय, आली का अक्कल?" मार्तंडराव म्हणाले.

मी उठलोच होतो. आत्याने माझं मनगट धरलं, ते सोडवेना.

"शेट, स्टुडिओवाले वासाचं काय बोलतात?" तिने विचारलं.

मार्तंडरावांनी पेपर खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं? अहो, रोज माझ्या नावानं शिमगा चाललाय. आता दुसरी लॉरी बघतो म्हणतात."

"मंग ज्या दिशी होड्या उशिरा, त्या दिशी लॉरी आदी स्टुडिओन धाडा, धुतलेली. तिकडचं झालं की आमच्याकडं. तवर म्हावरं वल्ल्या गोनपाटाखाली ठेवू. आमी सांजच्या बाजाराला बसू, हापिसातली मानसं येतानच तवा. बाकी दिशी लॉरी सहाला सोडा, आमी आडवनार नाय. अंधेरीला म्हावरं उतरलं की आमच्यातल्या दोगी लॉरी धुतील, इहिरीच्या पान्यान, मंगच ती स्टुडिओन जाईल."

"होड्या कुठल्या दिवशी उशिरा, हे मला कसं कळणार?"

"भरती तिथीवर चालते, शेट. पंधरवड्याचं मी आदीच सांगन."

मार्तंडरावांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, बरं, सोमवारपासून. आणि आम्ही उठल्यावर हसून म्हणाले, "बाई, पहिल्यांदाच असं माणसासारखं बोलला असतात तर?"

आत्या वळली. "मी त्या दिशी बी मानूसच होते, शेट. इचाराचं मीबी इसरले, आनि तुमीबी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, एवढं ऐकून घेतलंस कसं? ती म्हणाली, "राग हाय तितकाच हाय. पन त्याला पुढं बसवला तर लॉरी मिलत नाय." गावात पाटलांनी पंचायतीपुढे सांगितलं की आपण दम धरला म्हणून लॉरी आली. लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बोललो तर मला खाली बसवलं.

सोमवारी होड्या उशिराच्या होत्या. दुपारी लॉरी आली. आईला आम्ही दोघांनी उचलून पुढे चंदूच्या शेजारी बसवलं. बाजारात उतरलो तर दाराशी आईच्या ओट्यावर खाडीपलीकडच्या मढची एक कोळीण सुक्या कोळंबीचे सोडे मांडून बसली होती, मांडीवर तान्हं मूल. सगळा बाजार आत्याकडे बघायला लागला. आता होणार, असं प्रत्येकीच्या तोंडावर होतं. मलाही ते व्हायला हवं होतं.

आत्याने विचारलं, "कदीपासून बसतंस गो?"

"रिकामा दिसला, बसले," ती म्हणाली. "मनाबी पोट हाय."

आत्या तिच्याकडे आणि त्या मुलाकडे बघत राहिली. नियम मढच्या बाईच्या बाजूचा होता आणि ते आत्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने आईचा हात धरला, तिला सावकाश आत नेलं आणि स्वतःच्या ओट्यावर बसवलं. आई उठायला लागली, "सरूबाय, यो तुझा हाय," म्हणून रडायला लागली. आत्याने तिला खांदा दाबून खाली बसवलं.

"फाटकापासून परत फिराचं मना सुचलं नाय," ती म्हणाली. "गुडगा तुझा गेला, ओटा माझा जाऊ दे."

मग तिने स्वतःची टोपली डोक्यावर घेतली आणि दारोदार विकायला जुहूच्या रस्त्याला लागली. पुढे मरेपर्यंत ती तशीच विकत राहिली. तिच्यावरचा माझा राग त्या संध्याकाळी गेला. बाकीच्यांवरचा अजून आहे.