खदानपाड्यावरचा सुरुंग

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना एका मैत्रिणीला ऐन घोटात ठसका लागला होता आणि सगळा चहा माझ्या साडीवर आला होता. ती साडी तर गेलीच. अब्रू त्याच्या आधीच गेली होती.

मी धुळ्याची, देवपुरात राहते, कॉलेजात भूगोल शिकवते. कुठलाही नाला कुठून निघतो आणि कुठे मिळतो, हे नकाशा न उघडता सांगणारी बाई अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती बऱ्यापैकी मीच पसरवलेली आहे, ते सोडा.

तर मला सलमाचा फोन आला. सलमा माझी जुनी विद्यार्थिनी. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या कुशीत खदानपाडा नावाची छोटीशी वस्ती आहे, तिथल्या शाळेत ती शिक्षिका. म्हणाली, शाळेचा कार्यक्रम आहे, सगळा पाडा जमणार आहे, तुम्ही या आणि आमच्या पाड्याचा इतिहास-भूगोल सांगा. मुलं विचारतात, आपला पाडा वसला कसा? आणि सांगणारं कोणी नाही. तिथे जो तो बाहेरून आलेला. दगड फोडायचं मशीन सुरू झालं, तशी माणसं येत गेली. कोणी वरच्या डोंगरातून, कोणी तापीकाठच्या गावांतून, मशीन चालवणारी आणि दुरुस्त करणारी चार मुसलमान घरं शहरातून. त्यांच्या आधी तिथे काय होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं! म्हणजे, माझ्या आप्पाकाकांना होतं. हे माझे चुलतसासरे. तरुणपणी खदानपाड्याला मुकादम होते. घरात कोणी नुसतं 'दगड' म्हणालं तरी त्यांचं 'आम्ही खदानपाड्याला होतो तेव्हा' सुरू व्हायचं. इतकी वर्षं आम्ही टाळत आलो होतो, पण या वेळी मी स्वतःहून त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. काका खुलले. नाला कुठे, डोंगर कुठे, रस्त्यासाठी खडी कशी जायची, सगळं सांगितलं. पहिली खदान नाल्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी होती, ती पुढे मुरूम टाकून बुजवली आणि वर सपाट मैदान केलं, हेही सांगितलं. आणि त्याच खदानीत एकदा एक सुरुंग फसला होता. बाकीचे उडाले, तो एक उडालाच नाही. दारू आत तशीच.

मी घरी येऊन फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला. खदानपाडा सापडला. नाला होता, डोंगर होता, पश्चिमेला सपाट मैदान होतं. तंतोतंत! आता सातपुड्यात डोंगराखाली नाला नसेल असा एक तरी पाडा दाखवा मला. पण हे आज सुचतंय.

ठरल्या दिवशी मी पाड्यावर पोचले. काय जागा आहे म्हणून सांगू. तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूला नाला, आणि मधे सगळं राखाडी. मोहाची पानं राखाडी, घरांची कौलं राखाडी, बकऱ्यासुद्धा मुळात कोणत्या रंगाच्या असतील ते धुतल्याशिवाय कळू नये. खडीची भुकटी! त्या दिवशी कार्यक्रमासाठी मशीन बंद ठेवलं होतं, तर लोकांनाच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. एकमेकांशी ओरडूनच बोलत होते बिचारे.

शाळेपुढच्या मैदानात मांडव होता. पुढे मुलं, मागे बायका, कडेला पुरुष. इकबालभाईंना सलमाने खास ओळख करून देऊन पहिल्या रांगेत बसवलं. खदानीत सुरुंग लावायचं काम त्यांचं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्या दिवसाचे सुरुंग भरून झाले होते, कार्यक्रम आटोपला की उडवायचे, असं त्यांनीच मला सांगितलं.

मी बोलायला उभी राहिले आणि रंगले. डोंगर कसा लाव्ह्याच्या थरांनी झाला, नाला तापीला कसा जातो, पहिले कामगार कसे आले. मुलं आ वासून ऐकत होती. मला आणखी चेव आला. म्हटलं, आता एक गंमत सांगते. आणि फसलेल्या सुरुंगाची गोष्ट सांगितली. आवाज खाली आणून, थांबत थांबत. शेवटी म्हटलं, "आणि तो सुरुंग पोटात घेऊन ती खदान आजही तशीच झोपलेली आहे."

मला टाळ्या अपेक्षित होत्या. कोणी हललं नाही.

इकबालभाई हळूच उठले. "मॅडम, ती खदान होती कुठे?"

मी भूगोलाची. मोघम उत्तर देईन का? "नाल्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. वर सपाट मैदान केलंय तिथे." आणि हात करून दाखवायला गेले, तो हात सरळ माझ्याच पायाकडे गेला.

एक क्षण सगळ्यांनी खाली बघितलं. मीसुद्धा.

मग जे झालं ते फार शांतपणे झालं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. किंचाळणं नाही, पळापळ नाही. बायकांनी मुलांना उचललं आणि चालायला लागल्या. सलमाने शाळेतली पोरं हात धरून रांगेने नाल्यापलीकडे नेली. शाळेला लागून सात-आठ घरं होती, ती रिकामी झाली. एका घरात बाळंतीण होती, बाळ चार दिवसांचं. तिला तिच्या सासूने आणि नणंदेने दोन्हीकडून धरून उन्हातून चालवत नेलं. बाळाच्या तोंडावर पदर टाकला होता. ती माझ्या जवळून गेली तेव्हा मी मान फिरवली.

गणानाना मात्र हलेनात. पाड्यातले सगळ्यांत म्हातारे, कंबर मोडल्यापासून खाटेवर. घर शाळेच्या भिंतीला चिकटून. त्यांची सून विनवत होती, शेजारी विनवत होते.

"मी नही येवाव," नाना म्हणाले. "तुन्ही सासू आठेच गयी. माले बी आठेच ऱ्हाऊ द्या. बठ्ठा जाई राहिनात ते जा."

बायको याच घरात गेली, आपणही इथेच राहणार, हा त्यांचा हेका. शेवटी चौघांनी खाटेसकट उचललं त्यांना. नाना आडवे पडून आभाळाकडे बघत नाल्यापार गेले. सून मागून त्यांची काठी आणि पाण्याचा तांब्या घेऊन रडत रडत.

मी इकबालभाईंना म्हटलं, इतकी जुनी दारू, आता काय व्हायचंय? जुनी दारू जास्तच बेभरवशाची, त्यांनी मला बजावलं. म्हणाले, खरी अडचण वेगळीच आहे. वरच्या चालू खदानीतली भोकं भरलेली आहेत. भरलेले सुरुंग रात्रभर तसे ठेवता येत नाहीत, अंधाराच्या आत उडवावे लागतात. आणि उडवले तर इथवर जमीन हादरते. रोजच हादरते. पण रोज इथे खाली काय आहे ते माहीत नव्हतं.

"माझी दोन पोरं याच शाळेत शिकली, मॅडम," ते म्हणाले. "मी रोज वर वात पेटवायचो आणि ही खाली पाढे म्हणायची."

मग त्यांनी लाल झेंडा उचलला आणि एकटेच वरच्या खदानीकडे निघाले.

तोवर बातमी खाली गेली होती. खालच्या गावाच्या पोलीस पाटलांनी ठाण्याला कळवलं, ठाण्याने सांगितलं की गाडी निघाली, मैदानात पाऊल टाकू नका, वर कळवतोय. मशीनच्या मालकाचा निरोप आला की उद्यापासून काम बंद. काम बंद म्हटल्यावर नाल्यापलीकडे कुजबुज सुरू झाली. एक बाई दुसरीला म्हणत होती, मशीन गेलं तर इथे राहून करायचं काय, परत डोंगरात जायचं का? म्हणजे बघा, पाडा वसला कसा हे सांगायला मी आले होते, आणि तो उठवायच्या बेतात होते.

सलमा म्हणाली, मॅडम, काकांना एकदा विचारा ना. खदानीत नक्की कुठल्या कोपऱ्यात होता सुरुंग? तेवढं कळलं तरी इकबालभाईंना ठरवता येईल.

पाड्यात फोनला रेंज नाही. रेंज येते ती पूर्वेच्या टेकडीवर, एका मोहाच्या झाडाखाली. मी साडीचा ओचा खोचून ती टेकडी चढले. सूर्य पलीकडच्या डोंगराकडे कलायला लागला होता. खाली नाल्याकाठी सगळा पाडा बसलेला दिसत होता, मांडव रिकामा, आणि वर खदानीच्या तोंडाशी लाल झेंडा घेऊन इकबालभाई एकटे. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे.

काकांनी फोन उचलला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला ओरडावं लागत होतं.

"काका, तो सुरुंग कुठल्या कोपऱ्यात होता?"

"आग्रा रोडच्या बाजूला," काका म्हणाले.

मी आजूबाजूला बघितलं. डोंगर. पुन्हा डोंगर. "काका, इथे आग्रा रोड कुठला?"

"म्हणजे? पाड्याला लागूनच तर आहे. तू आहेस कुठे?"

"खदानपाड्याला. चोपड्याच्या वर."

काका अगदी लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले, "बेटा, आमचा खदानपाडा शिरपूरच्या वरचा. जिथे खदान निघते तिथे खदानपाडा होतो. मी चोपड्याला कधी गेलोच नाही. एकदा लग्नाला गेलो होतो."

म्हणजे मी भलत्याच पाड्याचा इतिहास सांगून बसले होते! मी झाडाला टेकले. आणि लगेच दुसरा विचार आला, तो पहिल्याहून भयंकर. इथे नाही, म्हणजे सुरुंग तिथे आहे! तिथेही मैदान असेल, शाळा असेल, पोरं असतील.

"काका, मग तिकडे कोणाला कळवायचं? तो सुरुंग अजून आत आहे ना?"

"कुठला आत? दुसऱ्याच दिवशी शेजारी भोक पाडून उडवून टाकला. मी स्वतः उभा होतो. सांगितलं की तुला सगळं."

"कधी सांगितलं?"

"तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा. मी बोलतच होतो."

टेकडी उतरताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते खरं सांगते. मी वाक्य जुळवत होते. 'खात्रीलायक माहितीनुसार तो सुरुंग पूर्वीच निकामी करण्यात आला आहे.' खोटं नाही की नाही? चोपडा-शिरपूरचं कोणाला कळणारही नाही. नाल्याशी पोचेपर्यंत ते वाक्य मला पाठ झालं होतं.

पण समोर नाना होते. खाट बाभळीच्या विरळ सावलीत टेकवलेली, सून पदराने वारा घालत होती. आणि बाळंतिणीने विचारलं, "ताई, नक्की सांगा. आज रातले पोऱ्याले घरमा निजाडू ना?"

तिला ते पाठ केलेलं वाक्य सांगवेना. मी सगळं सांगितलं. शिरपूर, आग्रा रोड, चहा. पोलीसही तोवर आले होते, तेही ऐकत होते.

सलमाने कपाळाला हात लावला. हवालदाराने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. बाळंतिणीची सासू मला आपादमस्तक न्याहाळत होती, सुनेला उन्हातून चालवल्याचा हिशेब तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता.

सलमाच्या नवऱ्याने धावत वर जाऊन इकबालभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तिथूनच दोन्ही हात वर करून खूण केली. उडवू का? अख्ख्या पाड्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. आयुष्यात कशावर मान डोलावताना इतकी भीती वाटली नव्हती. काका खरं बोलले असतील ना? त्या लग्नाला गेले तेव्हा इथे येऊन गेले नसतील ना?

शिट्टी झाली. मग धडाडधूम! जमीन हादरली. मैदानावरून मी डोळे हलवले नाहीत. मांडवाची एक कनात पडली, बस. राखाडी धूळ खाली आली आणि सगळ्यांवर सारखी बसली.

"आते माले घर लई चाला," नाना म्हणाले. "जेवन थंडं व्हई गये व्हई."

जेवायला मलाही बसवलं, वर आग्रह करून वाढलं. इकबालभाईंनी तर स्वतः भाकरी आणून दिली आणि म्हणाले, बरं झालं मॅडम, निदान खाली काही नाही हे तरी कळलं.

सलमाच्या नवऱ्याने मोटारसायकलवरून मला चोपड्याच्या स्टँडवर सोडलं. धुळ्याची गाडी निघून गेली होती, म्हणून शिरपूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. खिडकीशी जागा मिळाली, जरा हायसं वाटलं. ड्रायव्हर फोनवर कोणाशी तरी बोलत होता, ते संपवून मागे वळून सगळ्यांना सांगायला लागला. खदानपाड्यावर म्हणे आज सात बॉम्ब निघणार होते. धुळ्याहून कोणी बाई आली होती, कॉलेजात भूगोल शिकवणारी. तिने सगळा पाडा उठवला आणि मग म्हणाली, माझा पाडाच चुकला.

जीपमधले सगळे हसत सुटले. एक म्हातारा तर डोळे पुसायला लागला. मीही हसले. न हसून कसं चालेल?

"कसल्या मास्तरणी ठेवतात कॉलेजात," ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. साडी, पर्स, चष्मा. "तुम्हीबी मॅडमच दिसता. काय शिकवता?"

सगळी जीप माझ्याकडे बघत होती.

"मराठी," मी म्हटलं.