कोयत्यातल्या बाईचं नाव

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच त्यांची लेक म्हणाली... आणि खोटं कशाला बोलू, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

अण्णा गेवराईला तहसीलसमोर बसून अर्ज, करारनामे लिहायचे. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कागदही त्यांच्याच हातचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कागदावर नाव फक्त नवऱ्याचं. एका मुकादमाला कोयता नकोसा झाला की तो उचलीसकट, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या कर्जासकट, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. माणसांना विचारायची रीतच नव्हती. बाजारात बैल घेतानासुद्धा निदान त्याचे दात बघतात. "आन् खाली मीच लिवायचो, राजीखुशीनं लिहून दिलं," अण्णा म्हणायचे. म्हातारपणी त्यांनी ते काम सोडलं आणि अशा हातोहात दिलेल्या माणसांना गावोगाव जाऊन शोधलं. त्या हकिगतींचं पुस्तक माझ्या छापखान्यात जुळू लागलं. प्रत्येक हकिगतीवर नाव बाईचं आणि तळाला, 'कागद लिहिणार : मी.' "अण्णा, सोताला कशापायी गोवता?" मी विचारलं, तर खेकसले, "हात माझाच व्हता ना रे?"

अण्णा बीडला दवाखान्यात असताना एका मुकादमाची दोन माणसं दुकानात आली. चहा प्याली. जाताना एकजण माझ्या मशीनवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "बरं चाललंय तुमचं. लग्नपत्रिकाच छापत जा." त्या मुकादमाचं नाव एकाच पानावर होतं, तलवाड्याच्या पारूबाईच्या. ते पान मी काढलं, अण्णांच्या हातचा मूळ कागद बंबात घातला आणि बाकीचं पुस्तक छापलं. साखरेच्या दुखण्यानं अण्णांची नजर तोवर गेलेली. पुस्तकावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "समदी पानं हायत ना?" मी "हायत" म्हणालो. आंधळ्या माणसाला फसवलं मी... आणि ते समाधानानं मान हलवत राहिले.

परवा एक म्हातारी सुनेला घेऊन दुकानात आली. "मी तलवाड्याची पारू. अण्णा म्हणले व्हते, तुजं नाव हाय पुस्तकात. कुटं हाय ते दावा हिला." सुनेनं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हातारी तिच्या बोटाकडे बघत उभी.

"न्हाई ते, मावशी," मी म्हणालो. "मी काढलं. भ्यालो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मंग माजं नाव आता कुणापाशी हाय?" तिनं विचारलं.

तिनं स्टूल ओढलं, गुडघा धरत बसली आणि म्हणाली, "लिवा." मी शटर ओढायला उठलो, तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या उघडं."

तिनं आधी मुकादमाचं नाव सांगितलं. रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी लिहिलं.