आहेरातली अकरा घरं

त्या हिवाळ्यातलं सगळं मला कोहऱ्यातूनच आठवतं. सासरी मराठीच बोलत, पण धुक्याला कोहरा म्हणत. धुकं हा शब्द मी माहेराहून, नगरहून आणला होता, आणि बनारसच्या त्या दाट पांढऱ्या प्रकाराला तो पुरत नसे. ब्रह्मा घाटाच्या वर आमची गली. सकाळी समोरच्या घराचा दरवाजा दिसायचा नाही, नुसती कडी वाजायची. खाली कुठेतरी नावाडी बोलत असत, नाव दिसत नसे. माणसं कमरेपासून वर तरंगत यायची, काहीतरी बोलायची आणि विरून जायची.

तशीच एका सकाळी पिवळी हातगाडी आली. आधी घंटी, मग पिवळा रंग, मग ती ढकलणारे गणवेशातले दोघे. नगर निगमनं तेव्हा कचरा उचलायला खाजगी कंपनी सोबत घेतली होती. परवानगी निगमची, गाडी आणि माणसं कंपनीची, आणि घराघरातून कचरा गाडीपर्यंत आणवून घ्यायची जबाबदारी मोहल्ला समितीची. मी शाळेत गणित शिकवायचे, अक्षर बरं होतं, म्हणून समितीची सचिव मी. योजना मला मनापासून पटली होती. कोपऱ्यावरचा ढीग आणि त्यात तोंड खुपसून उभा असलेला सांड ओलांडून मला रोज शाळेत जावं लागे.

गाडी गलीच्या सात पायऱ्यांशी अडली. दोघांनी ती उचलून पाहिली, एक चाक निसटलं, कचरा सांडला. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आमची जमादारीण उभी होती. कमरेवर टोपली, हातात झाडू, अंगावर माझीच जुनी शाल. आमच्या घरांचा केरकचरा वर्षानुवर्षं तीच नेत असे.

"बहूजी, ये लोग किसके घर का कूड़ा उठा रहे हैं?"

"सगळ्यांच्या. पुढच्या आठवड्यात सह्या झाल्या की रोज येतील."

"और मेरे घर?"

मला वाटलं ती तिच्या वस्तीबद्दल विचारतेय. तिनं झाडूच्या टोकानं एकेक दार दाखवलं. पांढऱ्यात ती दारं दिसत नव्हती, पण तिचा झाडू कुठेच चुकला नाही. "ये, ये, फिर गुरुजी का, फिर आपका. ग्यारह. शादी में जेठानी को पायल मिली थी, मुझे आपके घर."

तिच्या सासूनं तिला ही अकरा घरं मुंहदिखाईत, म्हणजे नव्या सुनेचं तोंड पाहताना द्यायच्या आहेरात, दिली होती. सासूला तिच्या सासूनं. ज्या घरांचा केर जिच्याकडे, ती घरं तिची, दुसरीनं तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि आता माघात तिच्या मुलाचं लग्न होतं. मुलीकडच्यांनी एकच गोष्ट विचारली होती, घरं किती. तिनं अकरा सांगितली होती.

"अब क्या बोलूँ? पीली गाड़ी खा गई?"

मी घड्याळ पाहिलं आणि शाळेत गेले. वर्गात फळ्यावर अपूर्णांक मांडताना हाताला खडू लागत होता की कोहरा, ते कळत नव्हतं. कुणाच्या सुनेच्या हाती झाडू यावा म्हणून मी काही झुरत नव्हते. पण ठरलेलं लग्न मोडायला माझी सही लागणार होती, आणि ते मला चालणार नव्हतं.

सह्यांची बैठक आमच्याच घरी झाली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तीर्थपुरोहित. सातारा आणि वाईकडचे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच उतरायचे. त्या घराण्यांच्या वंशावळींची लांबलचक वही मांडीवर घेऊन ते तिचं फाटकं पान खळीनं चिकटवत होते. कंपनीचे साहेब कागद घेऊन बसले होते. थोरले दीर चहा ओतत होते.

"सूनबाई, कर सही," मामंजी म्हणाले.

"ही घरं जमादारणीची आहेत. तिला विचारलं नाही."

दीर हसले. "ऐका! घर आपलं, कचरा आपला, आणि मालकीण ती?"

"दादा, सातारची माणसंही स्वतःचीच असतात. तरी मागच्या साली पलीकडच्या पुरोहितांनी त्यांना स्टेशनवरूनच उचललं, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत."

दिरांचा चहा बशीत सांडला. मामंजींचं बोट खळीत तसंच राहिलं.

"किती पिढ्या तिच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"तिच्यापर्यंत तीन तरी."

त्यांनी वहीचं चिकटवलेलं पान दाबून बसवलं. "चाळीस वर्षं ती दारात येते. माझ्या कधी लक्षात आलं नाही," असं वहीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. मग साहेबांकडे वळून हिंदीत, "पुश्तैनी वृत्ति है उसकी, जैसे हमारी यजमानी. बिना पूछे कैसे दे दें? बुलाइए."

ती आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मामंजींनी आत ये म्हटलं नाही. ते तेवढे बदलले नव्हते. पण प्रश्न त्यांनी तिलाच विचारला, काय करायचं?

"गाड़ी तो सीढ़ी चढ़ेगी नहीं," ती म्हणाली. "नीचे खड़ी करो. घर से मैं लाऊँगी, टोकरी में. आगे इनके आदमी ले जाएँ. कागज़ में मेरा नाम लिखो. और बहू का."

"बहू का नाम?" साहेबांनी पेन उघडलं.

"अभी आई कहाँ है! जगह छोड़ दो."

साहेबांना दोन दिवस चाक दुरुस्त करावं लागलं होतं. त्यांनी जागा सोडली. मग मी सही केली.

ती पिवळी गाडी पुढे किती वर्षं येत होती, मला नीट सांगता येणार नाही. कधीतरी घंटी ऐकू येईनाशी झाली, एवढंच.

पण माघातली ती सकाळ स्पष्ट आहे, म्हणजे कोहऱ्याइतकी स्पष्ट. मी कडी काढून बाहेर आले, तर दोघी सासवासुना गलीतून येत होत्या. पाय दिसत नव्हते. सुनेचा लाल पदर तेवढा हवेत चालत होता. सासू प्रत्येक दारापुढे थांबे आणि हलक्या आवाजात ओळख करून देई. "ये गुरुजी का. ये मास्टरनी का, यहाँ छिलके बहुत निकलते हैं."

सुनेनं पदर वर केला, आमचं दार नीट न्याहाळलं आणि मान डोलावली. मग मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं.

"अम्मा, सीढ़ियाँ बहुत हैं."

"सात हैं. गिन ले, तेरी ही हैं," सासू म्हणाली, आणि दोघी पुढच्या दाराकडे विरून गेल्या.